मोहरी आणि दृष्टि

यंदाचा पावसाळा सरतां सरतां आमच्या घरीं एक कलह उद्भवला. एकत्र कुटुंबांत भांड्याला भांडें लागावयाचेंच. तेव्हां त्याची वार्ता वाचकांच्या कानीं घालण्याचें वस्तुतः प्रयोजन नव्हतें. परंतु ह्या कलहाचें कारण शोधतां शोधतां आम्ही थेट अमेरिकेंतील एका कारखान्यापर्यंत जाऊन पोंचलों, आणि तेथून परततांना जें कांहीं हातीं लागलें तें वाचकांच्या घरींहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

कलहाचा विषय आमच्या कैलासवासी वडिलांची तसबीर. सारें घर त्यांस नाना म्हणे. त्यांचें हें एकच छायाचित्र उरलेलें आहे. आमच्या वडील भगिनी अक्का नित्य पूजा आटोपल्यावर त्या तसबिरीपुढें क्षणभर हात जोडून उभ्या राहतात, आणि मगच तोंडांत पाणी घालतात. भाद्रपदांत एके सकाळीं त्यांना नानांच्या उजव्या गालावर पांढुरके ठिपके दिसले. ते पूर्वीं नव्हते. झालें! गणपतीच्या झाडलोटींत धाकट्या सूनबाईंनीं तसबीर ओल्या फडक्यानें पुसली होती, असें कोणीसें बोललें. आम्ही पस्तीस वर्षें मास्तरकी केलेली, फळ्यावर रेघ दिसली कीं "कोणी केलें?" असें दरडावून विचारण्याची जिभेला संवय. तोच प्रश्न आम्हीं भर माजघरांत मोठ्यानें विचारला. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांचे डोळे मात्र भरून आले.

तेवढ्यांत आमचा नातू पुढें झाला. हा रसायन-अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. तो म्हणाला, "आजोबा, कोणी केलें तें मागाहून पाहूं, काय झालें तें आधीं पाहूं." त्यानें भिंग आणून ठिपके न्याहाळले. "ही बुरशी आहे. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, आणि जिलेटिन म्हणजे बुरशीला आयतें जेवणच."

"जिलेटिन म्हणजे काय रे बाळा?" अक्कांनीं सहज विचारलें.

"गुरांचीं कातडीं आणि हाडें उकळून काढतात तें."

मुलगा खोटें बोलला नाहीं. पण प्रत्येक सत्यालाहि वेळ असते. अक्का सोंवळ्यांत होत्या. त्यांनीं आपल्या हाताकडे एकवार पाहिलें आणि त्या मुकाट्यानें आंत गेल्या. सायंकाळीं पाहतों तों तसबीर भिंतीवरून उतरलेली, धुवट पंच्यांत गुंडाळून कपाटांत ठेवलेली. भिंतीवर तेवढा चौकोन रिकामा राहिला, आणि घरांत बोलणें कमी झालें.

आम्हांस सारे म्हणूं लागले कीं, तुम्हीं संस्कृत शिकलां आहां, एखादा निर्णय द्या आणि प्रकरण मिटवा. "मुलाला कांहीं कळत नाहीं" असें म्हणून वेळ निभावून नेणेंहि सोपें होतें. परंतु ज्या तोंडानें पस्तीस वर्षें मुलांना खरें बोलावयास शिकविलें त्या तोंडानें हें म्हणवेना. तेव्हां निर्णय देण्यापूर्वीं वस्तु काय आहे तें तरी जाणून घ्यावें, अशा हेतूनें नातवानें आणून दिलेलीं पुस्तकें आम्हीं महिनाभर वाचलीं. दिवेलागणीनंतर तोच वृत्तांत अक्कांना सांगत गेलों. तोच येथें संक्षेपानें देतों.

न्यूयॉर्क संस्थानांत रॉचेस्टर नांवाचें शहर आहे. तेथें जॉर्ज ईस्टमन नांवाचा एक तरुण बँकेंत कारकून होता. जन्म १८५४ चा; लहानपणींच वडील वारले, आणि चौदाव्या वर्षीं शाळा सुटली. त्या काळीं फोटो कांचेवर निघत. चांदीचा क्षार जिलेटिनमध्यें कालवून तो लेप कांचेवर देत, आणि त्या सुकलेल्या कांचेस 'ड्राय प्लेट' म्हणत. ईस्टमन दिवसा बँकेंत खर्डेघाशी करी आणि रात्रीं आईच्या स्वयंपाकघरांत हा लेप शिजवी. १८८० सालीं त्यानें ह्या कांचा विकावयास प्रारंभ केला, आणि पुढल्या वर्षीं बँकेची नोकरी सोडली.

नोकरी सोडून वर्ष होतें न होतें तोंच अरिष्ट आलें. १८८२ सालीं त्याच्या कांचा एकाएकीं आंधळ्या झाल्या. गिऱ्हाइकांच्या तक्रारी येऊं लागल्या कीं, फोटो उमटतच नाहीं. कृति तीच, भांडीं तींच, माणसें तींच. फळ मात्र शून्य. अशा वेळीं बहुतेक धंदेवाले काय करतात तें सांगावयास नको. "तुम्हीं नीट ठेवल्या नाहींत" म्हणून गिऱ्हाइकावर ढकलावें, अथवा एखाद्या कामगारास घालवून द्यावें. ईस्टमननें वाईट कांचा परत घेऊन स्वतःच्या पदरच्या खर्चानें नव्या देऊं केल्या, कारखाना थांबविला, आणि प्रयोगामागून प्रयोग केले. तरी उलगडा होईना. अखेर तो समुद्र ओलांडून इंग्लंडांत न्यूकॅसल येथील मॉसन अँड स्वान ह्या कारखान्यांत गेला, तेथील कृति शिकून आला, आणि मग त्यास कळलें कीं दोष कृतींत नव्हता. दोष जिलेटिनमध्यें होता. पुरवठादाराकडून आलेलें जिलेटिन बदललें होतें. त्यानें दुसरें जिलेटिन आणिलें आणि कांचांस पुन्हा दिसूं लागलें. तेव्हांपासून कोणताहि माल परीक्षा केल्याखेरीज वापरावयाचा नाहीं, असा त्यानें दंडक घातला.

परंतु एका जिलेटिननें फोटो उमटतो आणि दुसऱ्यानें उमटत नाहीं, असें कां? दोन्ही पाहण्यांत सारखीं, चिकटपणांत सारखीं. ह्या 'कां'चें उत्तर त्या वेळीं कोणापाशींच नव्हतें. तें मिळावयास चाळीसांवर वर्षें लागलीं.

मध्यंतरीं कांचेची जागा फिल्मनें घेतली. १८८८ सालीं ईस्टमननें शंभर चित्रांची कागदी गुंडाळी आंत असलेला 'कोडॅक' कॅमेरा काढला. त्याच्या पुढल्या वर्षीं हेन्री रायकेनबाख ह्या त्याच्या रसायनज्ञानें कापसापासून पारदर्शक फिल्म सिद्ध केली. येथें एक गोष्ट लपवून ठेवणें योग्य नव्हे. न्यूअर्क गांवच्या हॅनिबल गुडविन नामक एका वृद्ध पाद्र्यानें अशाच फिल्मच्या पेटंटसाठीं १८८७ च्या मे महिन्यांतच अर्ज केला होता. त्यास पेटंट मिळालें १८९८ सालीं, आणि १९०० च्या अखेरच्या दिवशीं तो वारला. पुढें त्याच्या हक्काच्या धन्यांनीं दावा जिंकला आणि १९१४ सालीं ईस्टमनच्या कंपनीला पन्नास लक्ष डॉलर मोजावे लागले. जिलेटिनचा दोष इतक्या सरळपणें पदरीं घेणाऱ्या माणसाकडून ही दुसरी चूक न्यायालयास कबूल करवून घ्यावी लागली. थोर माणसांचेंहि असें असतें.

आतां ही फिल्म होते कशी? आमच्या वाचक भगिनींना ही कृति आमच्यापेक्षां लौकर समजेल. प्रथम आधार, म्हणजे पारदर्शक पट्टी. कापूस तीव्र आम्लांत मुरवून द्रावकांत विरघळवीत. मधासारखा दाट पाक होई. हा पाक घोटीव पृष्ठभागावर पातळ पसरावयाचा, सुकूं द्यावयाचा आणि अलगद सोडवून घ्यावयाचा. आंबापोळी घालावी तसाच प्रकार! प्रारंभीं हें काम लांबच लांब कांचेच्या मेजांवर होई. पुढें संथ फिरणाऱ्या प्रचंड चाकांवर होऊं लागलें. ह्या आम्लांत मुरलेल्या कापसाची फिल्म मोठी ज्वालाग्राही असे. म्हणून पुढें ॲसिटेटची निर्धोक फिल्म आली.

दुसरा भाग लेपाचा, आणि येथून पुढें सारा अंधार. कोमट पाण्यांत जिलेटिन विरघळवून त्यांत पोटॅशियम ब्रोमाइड घालतात, आणि सिल्व्हर नायट्रेटचें पाणी हळूहळू सोडतात. दोहोंचा संयोग होऊन सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक उत्पन्न होतात आणि सारें दुधासारखें दिसूं लागतें. अर्थात् तेथें कोणी पाहूं शकेल तर! जिलेटिन ह्या स्फटिकांना एकमेकांस चिकटूं देत नाहीं. मग हें मिश्रण ठराविक उष्णतेवर मुरवितात, थंड करून खरवसासारखें थिजवितात, आणि सोऱ्यांतून कुरडया पाडाव्या तशा त्याच्या शेवया काढून थंड पाण्यांत धुतात, म्हणजे नको असलेले क्षार निघून जातात. पुन्हा पातळ करून तो लेप फिल्मवर देतात. त्याची जाडी केंसाहूनहि कमी.

अशा फिल्मवर निमिषमात्र प्रकाश पडला कीं स्फटिकाच्या एखाद्या ठिकाणीं चांदीचे दोन-चार अणु सुटे होतात. एवढ्यानें डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं. परंतु पुढें औषधाच्या पाण्यांत ती फिल्म बुडविली असतां, जेथें असा कण असेल तो समग्र स्फटिक काळ्या चांदींत रूपांतर पावतो. एका कणाची साक्ष कोट्यवधि अणूंना पुरते. आमच्या नानांच्या मिशीचा काळेपणा तो हाच. आपण तसबिरींत पाहतों ती केवळ चांदी, आणि तिला जागच्या जागीं धरून ठेवणारें जिलेटिन.

आतां त्या अडलेल्या 'कां'कडे वळूं. १८८२ हें कांचा बिघडण्याचें साल. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं इंग्लंडांत दोन मुलें जन्मास आलीं. एक केनेथ मीस, धर्मोपदेशकाचा मुलगा. दुसरा सॅम्युअल शेपर्ड. दोघे लंडनच्या एकाच शाळेंत आणि पुढें एकाच विद्यापीठांत शिकले. दोघांनीं मिळून फोटोच्या रसायनक्रियेवर संशोधन केलें, १९०६ सालीं एकदमच डॉक्टरची पदवी मिळविली आणि पुढल्या वर्षीं मिळूनच ग्रंथ प्रसिद्ध केला. मीस हा क्रॉयडन येथील रॅटन अँड वेनराइट ह्या लहानशा कारखान्यांत शिरला. १९१२ सालीं ईस्टमननें त्यास अमेरिकेस बोलाविलें. मीसची अट काय, तर माझ्या जाण्यानें ज्यांचें नुकसान होईल त्यांचा हा कारखानाच आपण विकत घ्या, म्हणजे मी येतों. तिशीच्या उंबरठ्यावरील माणसाची ही धन्यांविषयींची निष्ठा आम्हांस फार आवडली. ईस्टमननें कारखाना विकत घेतला, मीस रॉचेस्टरला आला, आणि त्यानें तेथें संशोधनशाळा उभारली. लौकरच शेपर्डलाहि त्यानें आपल्याजवळ आणिलें. तेथून मीसचें आयुष्य फिल्ममध्येंच गेलें. आकाशांतील मंद तारे टिपणाऱ्या खास कांचा त्यानें ज्योतिर्विदांना पुरविल्या, घरगुती चलच्चित्रांसाठीं निर्धोक फिल्म त्याच्या शाळेंतून निघाली, आणि १९५५ सालीं तो निवृत्त झाला.

शेपर्डनें हातीं घेतला तो जिलेटिनचा जुना प्रश्न. कारण कीं, कारखाना अवाढव्य झाला तरी तेंच दुखणें अधूनमधून डोकें वर काढी. एका खेपेचें जिलेटिन चपळ फिल्म देई, दुसऱ्या खेपेचें मंद. आमच्या न्यायशास्त्रांत कारण ठरविण्याची जी रीत सांगितली आहे, ती अन्वय-व्यतिरेकाची: जेथें एक असतें तेथें दुसरें असतें, आणि जेथें पहिलें नाहीं तेथें दुसरेंहि नाहीं. शेपर्डनें तर्कशास्त्र वाचलें होतें कीं नाहीं कोण जाणे, परंतु त्याची चाल हीच होती. चपळ जिलेटिनमधून त्यानें चपळाई आणणारें द्रव्य धुऊन वेगळें काढलें, तें उरलेल्या जिलेटिनमधून नाहींसें झालें हें पाहिलें, आणि मग तें मंद जिलेटिनमध्यें घालून तें चपळ होतें हेंहि पाहिलें. प्रमाण किती? दहा लक्ष भागांत कांहीं थोडे भाग! आणि अधिक घातलें तर फिल्म प्रकाश पाहण्यापूर्वींच काळवंडून जाई.

हें द्रव्य कोणतें? १९२५ सालीं त्यानें उत्तर प्रसिद्ध केलें. तें होतें मोहरीच्या तेलाच्या जातीचें, गंधक असलेलें द्रव्य. फोडणींत मोहरी तडतडली असतां नाकांत जो झणका जातो त्याच कुळांतलें. आणि तें जिलेटिनमध्यें आलें कोठून? ज्या गुरांच्या कातड्यांचें जिलेटिन केलें, त्या गुरांनीं कुरणांत मोहरीच्या जातीचीं रोपें खाल्लीं होतीं! त्यांतील गंधकाचा अंश कातड्यांत उतरला, तेथून जिलेटिनमध्यें, तेथून स्फटिकावर. आणि तेथें चांदीशीं मिळून त्यानें सिल्व्हर सल्फाइडचे कण केले. पूजेचीं चांदीचीं उपकरणीं काळीं पडतात तो काळिमा म्हणजे हाच पदार्थ. ज्याला आम्ही चिंचेनें घासून काढतों, त्याच्याच तीळमात्र स्पर्शानें फिल्मला दिसूं लागतें. कारण प्रकाशानें सुटलेली चांदी गोळा व्हावयास तो कण आधारभूत होतो.

हें वाचलें त्या रात्रीं आम्हांस बराच वेळ झोंप आली नाहीं. आमच्याकडे मूल किरकिरूं लागलें कीं मीठ-मोहऱ्या ओंवाळून त्याची दृष्ट काढतात. इकडे मोहरी दृष्ट काढते. तिकडे मोहरीनेंच दृष्टि दिली. जगांतल्या सगळ्या चित्रपटांचें नशीब एके काळीं कुरणांतल्या गुरांच्या जिभेवर अवलंबून होतें, आणि हें त्या कारखान्याच्या धन्यासहि ठाऊक नव्हतें!

एकदां कारण कळल्यावर मात्र कारखाना गुरांच्या चाऱ्यावर विसंबून राहिला नाहीं. पुढें निर्दोष आणि तटस्थ असें जिलेटिन घेऊन त्यांत गंधकाचें द्रव्य मोजून घालूं लागले. १९३६ सालीं जर्मनींतील आग्फाच्या कारखान्यांत रॉबर्ट कोस्लोव्स्की ह्यानें सुवर्णक्षाराच्या लेशमात्रानें फिल्म आणखी तीक्ष्ण होते हें शोधून काढलें, आणि तें गुपित बरेच दिवस जपून ठेवण्यांत आलें.

ह्या धंद्यांतील माणसांचें काम अंधाऱ्या कोठड्यांत चालतें. मार्ग पायांना पाठ, उपकरणें हातांना पाठ. जगाला दिसावें म्हणून स्वतः न दिसणाऱ्या खोलींत कित्येकांनीं आयुष्य काढलें. आमच्या महाराष्ट्रांतहि अशी एक गृहिणी होऊन गेली. दादासाहेब फाळके १९१२ सालीं विलायतेस जाऊन कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ सालीं त्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' दाखविला, हें सर्वांस ठाऊक आहे. पण परदेशाहून येणाऱ्या कोऱ्या फिल्मला कडेनें छिद्रें पाडण्याचें काम अंधारांत बसून सरस्वतीबाई फाळके करीत. शिवाय फिल्म धुण्याचें काम, आणि मंडळींचा स्वयंपाक होताच. अक्कांना ही हकीकत सांगितली तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें, "आणि मुलें कोण सांभाळी?"

आणखी एक प्रसंग सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९४५ सालीं ह्याच रॉचेस्टरच्या कारखान्यांतील क्षकिरणांच्या फिल्मवर न वापरतांच डाग उमटूं लागले. फिल्म चांगली, लेप चांगला. ज्यूलियन वेब नांवाच्या संशोधकानें शोध केला तो फिल्म बांधण्याच्या पुठ्ठ्यापर्यंत गेला. तो पुठ्ठा इंडियाना संस्थानांत व्हिन्सेन्स येथें वाबाश नदीच्या पाण्यावर झालेला होता. त्या पुठ्ठ्यांत किरणोत्सर्गी द्रव्य निघालें. १६ जुलै १९४५ रोजीं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत परमाणुबाँबचा पहिला स्फोट अत्यंत गुप्तपणें झाला होता. त्याची धूळ वाऱ्यावर चढून हजार मैलांहून दूर पावसाबरोबर उतरली आणि नदीच्या पाण्यांतून पुठ्ठ्यांत शिरली होती. वेबनें हा वृत्तांत १९४९ सालीं प्रसिद्ध केला. सरकारनें जें जगापासून लपविलें तें अंधाऱ्या पेटींत पडलेल्या फिल्मनें पाहिलें. हा डाग पाहून एखाद्या कामगारास शिक्षा केली असती तर प्रकरण तेथेंच मिटलें असतें, आणि कोणास कांहींच कळलें नसतें.

फिल्मचे ते वैभवाचे दिवस आतां राहिले नाहींत. १९७५ सालीं ह्याच कंपनीच्या स्टीव्हन सॅसन नांवाच्या तरुण अभियंत्यानें फिल्मवांचून चालणारा कॅमेरा करून दाखविला, आणि त्याच जातीच्या कॅमेऱ्यांनीं पुढें फिल्मचा धंदा बसविला. २०१२ च्या जानेवारींत त्या कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांतून ती सावरली, आणि रॉचेस्टरला आजहि थोडीबहुत फिल्म होते. आमच्या देशांत १९६० सालीं उटकमंड येथें हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि 'इंदु' नांवाची त्याची फिल्म घरोघर पोंचली. तोहि आतां बंद पडला. परंतु घरोघरच्या पेट्यांत जीं जुनीं कृष्णधवल छायाचित्रें आहेत तीं बहुतेक चांदीचीं आणि जिलेटिनचींच आहेत, म्हणून हा वृत्तांत शिळा नव्हे.

असें सांगत सांगत आम्ही अखेरीस मूळ प्रश्नाशीं आलों. अक्कांसमोर शास्त्रार्थ करावयाचा म्हणून आम्हीं मनांत मोठी तयारी केली होती. ऋषींचें मृगाजिन, देवावर ढाळावयाची चवरी, कस्तुरी, मृदंगाचें कातडें, खुद्द सोंवळ्याचें रेशीम, अशी उदाहरणांची माळच ओंवून ठेविली होती. आम्ही खांकरून प्रारंभ करणार, तोंच अक्का म्हणाल्या, "अरे, पुरे! शंख काय झाडाला लागतो?"

आमची सगळी माळ एका वाक्यांत ओंवून झाली. क्षणभरानें त्या म्हणाल्या, "त्या दिवशीं मनाला लागलें खरें. पण त्या मुक्या जनावरानें मरून माझ्या नानांचा चेहरा इतकीं वर्षें धरून ठेवला, त्याचा विटाळ मानूं कीं उपकार मानूं? तें असो. तूं एवढें सांगितलेंस. पण ठिपके कशानें पडले तें कुठें सांगितलेंस?"

खरेंच! महिनाभर आम्ही परक्या देशांतल्या दोषांचीं कारणें शोधीत बसलों, आणि घरचा डाग तसाच राहिला. नातू उठला आणि त्यानें त्या रिकाम्या चौकोनावर पालथा हात ठेवला. मग आमचाहि हात धरून तेथें ठेविला. भिंत गार होती. बोटांना ओल लागली. पलीकडे न्हाणीघर आहे. नानांची तसबीर पूर्वीं समोरच्या कोरड्या भिंतीवर होती. ती इकडे कोणी हलविली? आम्हीं. कशासाठीं? सेवानिवृत्तीच्या वेळीं मिळालेलें आमचें मानपत्र आल्यागेल्यास नीट दिसावें म्हणून. धाकट्या सूनबाईंचें ओलें फडकें फिरलें होतें तें वरच्या कांचेवर. त्यानें आंतल्या चित्राला कांहींच झालें नव्हतें.

"कोणी केलें?" ह्या आमच्या प्रश्नाचें उत्तर हें असें निघालें. सूनबाई स्वयंपाकघरांत होत्या. आम्हीं उंबऱ्याशीं जाऊन सांगितलें, "सूनबाई, दोष आमचा होता, तुम्हांला उगीच बोललों." त्या म्हणाल्या, "असूं द्या मामंजी, चहा घेतां ना?" पस्तीस वर्षांत आम्हीं मुलांकडून पुष्कळ वेळां चुका कबूल करविल्या, स्वतः करणें किती कठीण असतें तें त्या उंबऱ्यावर कळलें.

ज्या घरांत पंधरा माणसें नांदतात तेथें रोज कांहीं ना कांहीं बिघडावयाचेंच. दूध नासतें, कुलूप हरवतें, मूल नापास होतें. अशा वेळीं दोषी शोधूं लागलों तर दोषी नेहमीं सांपडतो. आणि तो बहुधा घरांतला जो सर्वांत कमी बोलणारा असतो तोच असतो. कारण शोधूं लागलों तर श्रम पडतात, वेळ लागतो, आणि कित्येकदां तें आपल्याच मानपत्राखालीं निघतें. परंतु दोषी सांपडल्यानें डाग जात नाहीं. कारण सांपडल्यानें निदान पुढचा तरी टळतो.

आतां वाचकांसाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. जुनीं छायाचित्रें बाहेरच्या वा ओल्या भिंतीवर लावूं नयेत. तसबीर आणि भिंत ह्यांमध्यें थोडी हवा खेळती राहील असें पाहावें. निगेटिव्ह माळ्यावरच्या तापांत ठेवूं नयेत. थंड, कोरड्या कपाटांत कागदी पाकिटांत ठेवावेत आणि कडेनेंच धरावेत. बुरशी दिसली तर पाण्याचें बोट मुळींच लावूं नये, कारण बुरशीनें खाल्लेलें जिलेटिन पाण्यांत विरघळतें आणि डागाबरोबर चेहराहि जातो. आधीं कोरडें होऊं द्यावें आणि जाणत्यास दाखवावें. एकच प्रत असेल तर तिची नक्कल आजच करून घ्यावी. आणि कोणापाशीं फार जुन्या चित्रपटांचीं ज्वालाग्राही रिळें असतील तर तीं घरांत बाळगूं नयेत. २००३ च्या जानेवारींत पुण्यास अशाच जुन्या फिल्मच्या सांठ्याला आग लागली आणि मराठी चित्रपटसृष्टीचें मोठें धन जळून गेलें.

नानांची तसबीर जुन्या जागीं परत गेली आहे. गालावरचे ठिपके पुरते गेले नाहींत. मानपत्र तूर्त ट्रंकेंत आहे आणि तेथें तें सुखी दिसतें. तसबीर लावली त्या सायंकाळीं अक्कांनीं मुठींत मीठ-मोहऱ्या घेऊन नातवावरून ओंवाळल्या. पोराची परीक्षा जवळ आली होती. कोणी म्हणालें, "अक्का, नानांवरूनहि ओंवाळा ना, बऱ्याच दिवसांनीं बाहेर आले आहेत." अक्का तसबिरीकडे पाहून हंसल्या. "त्यांना कशाला? त्यांच्यांत मोहरी आधींच आहे म्हणतो ना हा!"